कॅनडा पीआर: फाइल नेमकी कुठे अडते, आणि आयटीएच्या आधीपासून काय करायचं

"सहा महिने उलटून गेले, अजून काहीच नाही." असा मेसेज आला की मी उलट एकच गोष्ट मागतो: अर्जासोबत जोडलेली नोकरीची पत्रं पाठव. दहातल्या निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. पत्रात कामाचं वर्णन नसतं, आठवड्याचे तास नसतात, किंवा तारीख अर्जातल्या तारखेशी जुळत नाही. फाइल ओटावात अडकलेली नसते. ती अर्जदाराने पुण्यात बसून अडकवून पाठवलेली असते.

हा लेख एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे कॅनडाच्या गुणांवर चालणाऱ्या कुशल कामगारांच्या योजनेच्या, पीआर (कायमच्या वास्तव्याच्या) अर्जापुरता आहे. स्पाउस स्पॉन्सरशिप, सुपर व्हिसा, स्टडी परमिट यांची गणितं वेगळी. मी वकील नाही आणि परवानाधारक सल्लागारही नाही. स्वतःच्या अर्जात एक चूक केली, तिची किंमत मोजली, आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फाइली चहा पीत चाळल्या, एवढीच पात्रता. प्रकरणात जुना नकार, पोलीस केस किंवा खोटी माहिती गेलेली असेल, तर इथे थांबा आणि परवाना असलेला माणूस गाठा.

टप्पा १: आयटीए यायच्या आधी, नावापासून

आयटीए, म्हणजे अर्ज करायचं आमंत्रण, आलं की संपूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण विद्यापीठ, जुनी कंपनी आणि पोलीस ठाणं या तिघांकडून ६० दिवसांत कागद मिळवून दाखवा, मग बोलू. म्हणून प्रोफाइल पूलमध्ये, म्हणजे आमंत्रणाची वाट बघणाऱ्या उमेदवारांच्या यादीत, टाकलं की त्याच आठवड्यात कामाला लागायचं.

मराठी माणसाची पहिली अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आडनाव वेगळं. कंपनीच्या पत्रावर मधलं नाव गायब. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत तर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि आडनावही बदलतं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द वेगळे. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की समोरच्याला ही दोन निराळी माणसं वाटू शकतात हे डोक्यातच येत नाही.

उपाय तीन, याच क्रमाने:

१. अर्जात सगळीकडे पासपोर्टवरचं नाव, जसंच्या तसं. भाषेच्या परीक्षेची नोंदणीही त्याच नावाने.
२. 'यापूर्वी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का' या प्रश्नाला 'हो' म्हणा आणि माहेरचं नाव, बदललेलं नाव, जे काही कागदांवर आहे ते सगळं लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण 'नाही' लिहून पदवी दुसऱ्या नावाची जोडली, तर प्रश्न उभा राहतो.
३. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत हाताशी ठेवा.

सावधान: पासपोर्टवर आडनाव बदलायचं असेल तर प्रोफाइल बनवायच्या आधी बदला, नाहीतर पीआर हातात आल्यावर. मधल्या काळात हौसेने केलेला नावबदल म्हणजे परीक्षेचा निकाल, पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), मेडिकल सगळ्यांवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं.

आता शिक्षण. पदवीचं मूल्यांकन, म्हणजे ईसीए, पाच वर्षं चालतं. ते करणारी संस्था ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून मागते. आपल्याकडे अनेकांनी पदवी प्रमाणपत्र कधी विद्यापीठातून आणलेलंच नसतं. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि प्रोव्हिजनल यांवर नोकरी लागली, विषय संपला. आधी ते प्रमाणपत्र काढा, मग ट्रान्सक्रिप्टच्या रांगेत उभे राहा. उलट क्रमाने गेलात तर दोन फेऱ्या होतात.

भाषेचा निकाल दोन वर्षं चालतो. आयईएलटीएस जनरल, सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर, यांतलं काहीही चालेल; आयईएलटीएसची अ‍ॅकॅडेमिक मात्र चालत नाही. तो निकाल आयटीए आली त्या दिवशीच नव्हे, तर अर्ज सबमिट करता त्या दिवशीही वैध असायला हवा. मुदत जवळ आली असेल तर पूलमध्ये असतानाच पुन्हा परीक्षा द्या.

तपासा: पासपोर्टची मुदत किती उरली? दीड वर्षाहून कमी असेल तर मी आत्ताच नवा करून घेईन. शेवटी मिळणारा पीआरचा कागद पासपोर्टच्या मुदतीपलीकडचा मिळत नाही.

टप्पा २: नोकरीची पत्रं

इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवतोय.

भारतीय कंपन्या सोडताना दोन कागद देतात: रिलीव्हिंग लेटर आणि एक्स्पीरियन्स लेटर. दोन्हींत साधारण एकच मजकूर: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होती, वागणूक चांगली होती, शुभेच्छा. आयआरसीसीला, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याला, या शुभेच्छांचा उपयोग नाही. त्यांना लागतं ते असं: कंपनीच्या लेटरहेडवर, संपर्काच्या तपशिलासह, वरिष्ठ किंवा एचआरच्या सहीचं पत्र, त्यात सांभाळलेलं प्रत्येक पद, प्रत्येक पदाच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, मुख्य कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ.

'प्रत्येक पद' याकडे लक्ष द्या. एकाच कंपनीत सहा वर्षांत तीन बढत्या झाल्या असतील तर तिन्ही वेगळी दाखवायची. मी हीच चूक केली होती. शेवटच्या पदाचं वर्णन लिहून घेतलं आणि सहाही वर्षं त्याच पदावर होतो असं पत्रावरून दिसलं. पगाराच्या पावत्यांवर मात्र सुरुवातीचं कनिष्ठ पद छापलेलं. खुलाशाचं पत्र आलं, जुन्या एचआरच्या मागे लागण्यात पंधरवडा गेला, आणि मग फाइल पुन्हा कधी उघडली जाईल याची वाट.

कामाचं वर्णन एनओसीशी जुळायला हवं. एनओसी म्हणजे कॅनडाची व्यवसायांची सरकारी यादी, सध्या २०२१ ची आवृत्ती. जुळायला हवं म्हणजे तिथली वाक्यं उचलून डकवायची नाहीत. अधिकारी ती यादी दिवसभर वाचतो, त्याला ती वाक्यं पाठ असतात. तुम्ही रोज जे करत होतात ते तुमच्या शब्दांत लिहा आणि मग यादीशी ताडून बघा. जुळत नसेल तर कोड चुकलाय. पत्र वाकवू नका, कोड बदला. पदाच्या नावावरून कोड निवडणं हा तर मोठाच घोळ. आपल्याकडे 'मॅनेजर' कोणालाही म्हणतात.

एचआरने "आम्ही असं पत्र देत नाही" म्हटलं तर? मोठ्या आयटी कंपन्यांत हे नेहमीचं आहे. अशा वेळी:

१. एचआरला मागणी ईमेलने करा आणि त्यांचा नकार लेखी घ्या.
२. त्या काळातल्या थेट वरिष्ठाकडून, नाहीतर बरोबरच्या सहकाऱ्याकडून, कामाच्या तपशिलाचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घ्या. त्याचं तेव्हाचं पद आणि संपर्क त्यात असू दे.
३. सोबत कंपनीचं साधं पत्र, नेमणूकपत्र, बढतीची पत्रं, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, पीएफचं पासबुक आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट.
४. हे सगळं का जोडलं याचं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण आणि एचआरचा तो ईमेल.

सावधान: नोकरी विकत देणाऱ्यांच्या नादी लागू नका. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत जॉब ऑफरचे वाढीव गुणच काढून टाकले आहेत. तरीही हे 'पॅकेज' विकणारे फिरताहेत.

टप्पा ३: ६० दिवसांचा क्रम

पहिला आठवडा: मेडिकलची वेळ आणि पीसीसीचा अर्ज. बाकी सगळं नंतर.

एक्स्प्रेस एंट्रीत २१ ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जाच्या आधीच करून त्याचा पुरावा जोडावा लागतो. मधल्या काळात नियम वेगळा होता, त्यामुळे "मेडिकलचं नंतर सांगतात" असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरताहेत. तपासणी आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच. तुमचे फॅमिली डॉक्टर कितीही मोठे असले तरी चालत नाहीत.

लहानपणी कधी टीबी झाला असेल तर तेव्हाची औषधांची कागदपत्रं आणि जुने एक्स-रे सोबत न्या. छातीच्या एक्स-रेत जुना डाग दिसला की थुंकीची तपासणी सांगतात आणि तिच्या कल्चरला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे ६० दिवस तिथेच संपले. ज्यांना हा इतिहास आहे त्यांनी शेवटच्या दिवसांवर मेडिकल ढकलणं म्हणजे आमंत्रण पाण्यात घालणं. गरोदर असाल तर एक्स-रे बाळंतपणानंतर करता येतो, पण तोपर्यंत मेडिकल अपुरं आणि फाइल थांबलेली, हे धरून चला.

आता पीसीसी. अठरा वर्षांचे झाल्यानंतर, गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात, त्या प्रत्येक देशाचं. आयटीवाल्यांचं 'ऑनसाइट' इथे आडवं येतं. आठ महिने न्यू जर्सीला होतात? मग एफबीआयचं हवं. बोटांचे ठसे कार्डावर घेऊन पाठवायचे, त्याला वेळ लागतो. ते आयटीएच्या आधीच मागवा. तो देश सोडल्यानंतर काढलेलं असेल आणि नंतर तिथे पुन्हा सहा महिने राहिला नसाल, तर ते चालतं. सध्या राहता त्या देशाचं मात्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं लागतं.

भारतातलं पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्यायचं. पोलीस आयुक्तालयाचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेगळं, ते नोकरीसाठी असतं. लोक सर्रास तेच जोडतात. पत्ता गावाचा आणि राहणं पिंपरीत असेल तर पडताळणी लांबते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि वीजबिल तयार ठेवा. हवालदाराचा फोन आला की उचला. अनोळखी नंबर म्हणून कट करणारे मी पाहिलेत.

कॅनडात राहून अर्ज करत असाल तर भारताचं पीसीसी भारतीय वकिलातीच्या व्यवस्थेतून मिळतं.

दुसरा ते चौथा आठवडा: बँकेची पत्रं, भाषांतरं, प्रतिज्ञापत्रं. पाचवा आठवडा: अर्ज भरणं. सहावा: दुसऱ्या माणसाकडून वाचून घेणं. उरलेले दिवस राखीव.

तपासा: पंचेचाळिसाव्या दिवशी एखादा महत्त्वाचा कागद मिळणारच नाही असं दिसलं, तर आमंत्रण नाकारण्याचा पर्याय असतो. नाकारलं की प्रोफाइल पूलमध्ये परत जातं. काहीच न करता ६० दिवस जाऊ दिले तर प्रोफाइल पूलमधून बाहेर पडतं. आणि अपुरा अर्ज रेटून पाठवला तर तो न तपासताच परत येऊ शकतो. पीसीसीपुरतं, मागणी केल्याची पावती आणि स्पष्टीकरण जोडून अर्ज करणारे असतात. ते मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात.

टप्पा ४: पैसे दाखवणं

रक्कम कुटुंबाच्या आकारावर ठरते आणि तक्ता दरवर्षी बदलतो. जुलै २०२५ च्या तक्त्यात एकट्या माणसाला १५,२६३ कॅनेडियन डॉलर आणि चौघांना २८,३६२ होते. तुमच्या वेळचा आकडा अधिकृत पानावरच बघा. बायको-मुलं सोबत येणार नसली तरी ती मोजायची.

बँकेचं पत्र लेटरहेडवर हवं. त्यात प्रत्येक खात्याचा क्रमांक, उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि त्या बँकेचं कर्ज असेल तर तेही. शाखेतला माणूस हमखास 'सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट' किंवा 'बॅलन्स सर्टिफिकेट'चा छापील नमुना काढून देतो. त्यात सहा महिन्यांची सरासरी नसते. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या आणि शाखा व्यवस्थापकाकडे बसा.

सातबारा चालत नाही. फ्लॅट चालत नाही, सोनं चालत नाही, कर्जाऊ आणलेले पैसे तर नाहीतच. वडिलांनी पैसे दिले असतील तर परत घेणार नसल्याचं त्यांचं पत्र, नात्याचा पुरावा आणि त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात गेलेल्या रकमेची नोंद. मुदत ठेवी हव्या तेव्हा मोडता येतात असं बँकेकडून लिहून घ्या. पीपीएफ, पीएफ जोडायला हरकत नाही, पण मुख्य आकडा त्यांवर उभा करू नका.

आणि रुपया घसरतो. काठावरचा आकडा आज पुरतो, निर्णयाच्या दिवशी पुरत नाही. वर थोडी जादा रक्कम ठेवा.

कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून, म्हणजे कॅनडातल्या नोकरीच्या अनुभवाच्या वर्गातून, आमंत्रण असेल तर पैसे दाखवावे लागत नाहीत. पण प्रणाली तरी कागद मागते. तिथे रिकामं पान टाकू नका. "मला या वर्गातून आमंत्रण आहे, म्हणून ही अट लागू नाही" असं दोन ओळींचं पत्र टाका.

टप्पा ५: दहा वर्षांचा हिशेब

पर्सनल हिस्टरीच्या रकान्यात गेल्या दहा वर्षांत महिनाभराचीही फट नको. नोकरी सुटून चार महिने घरी होतात? 'बेरोजगार' लिहा. एमपीएससीचा अभ्यास करत दोन वर्षं सदाशिव पेठेत काढली? तसं लिहा. लाज बाळगण्यासारखं काही नाही. फट दिसली की पार्श्वभूमी तपासणारा थांबतो, आणि तो थांबला की किती थांबेल हे कोणी सांगू शकत नाही.

पोलीस, लष्कर, राज्य राखीव पोलीस दल, जिल्हा परिषद, मंत्रालय, कुठल्याही सरकारी पदावर होतात तर ते त्या त्या रकान्यात, कार्यालय आणि पदासह. पत्त्यांचा इतिहास आणि नोकऱ्यांचा इतिहास शेजारी ठेवून वाचा. नोकरी हैदराबादला आणि पत्ता नाशिकचा असेल तर तो घरून काम करण्याचा काळ होता हे स्पष्टीकरणात लिहा.

यापूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल, अगदी अमेरिकेचा दहा वर्षांपूर्वीचा व्हिजिटर व्हिसा, तो लिहायचाच. खोटी किंवा लपवलेली माहिती कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० मध्ये येते आणि पाच वर्षांची बंदी लागते. जुना नकार स्वतःहून कोणाला बाद करत नाही. लपवणं करतं.

टप्पा ६: सबमिटच्या आदल्या संध्याकाळी

प्रत्येक फाइल ४ एमबीच्या आत. एका रकान्यात एकच फाइल बसते, म्हणून एका नोकरीचे सगळे कागद एका पीडीएफमध्ये, पहिल्या पानावर यादी. मोबाइलने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो नकोत.

मराठीतला कागद, म्हणजे ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, जुना विवाहाचा दाखला, इंग्रजी भाषांतरासह. भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, मग बहीण इंग्रजीची प्राध्यापक का असेना. मूळ कागदाची प्रत, भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र एकत्र.

स्पष्टीकरणाचं पत्र एकच लिहा, मुद्देसूद, दीड पानाच्या आत. नावातला फरक, नोकरीतल्या फटी, न मिळालेलं पत्र, मोठी जमा रक्कम. प्रत्येक मुद्द्यापुढे कुठली फाइल बघायची ते. भावनिक मजकूर नको. कॅनडाबद्दलच्या प्रेमाचा परिच्छेद तर मुळीच नको.

कुटुंबातलं कोणी सोबत येणार नसेल तरी अर्जात दाखवा आणि त्यांचंही मेडिकल करा. आज न दाखवलेलं मूल किंवा जोडीदार उद्या स्पॉन्सर करताना मोठं संकट होतं.

सावधान: एजंटमार्फत अर्ज करत असाल तर तो कॅनडाच्या सल्लागारांच्या कॉलेजच्या (त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) सार्वजनिक यादीत किंवा वकिलांच्या संघटनेच्या यादीत आहे का ते स्वतः बघा. आयएमएम ५४७६ या फॉर्मवर त्याचं नाव हवं. तो म्हणाला "फॉर्मची गरज नाही, मी तुमच्या नावानेच भरतो", तर उठून या. खात्याचा ईमेल तुमचाच ठेवा. एजंटच्या ईमेलवर आलेलं पत्र त्याने वाचलंच नाही आणि मुदत गेली, ही गोष्ट मी एकदाच नाही, अनेकदा ऐकलेली आहे.

सबमिट करायच्या आधी पूर्ण अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवा. पुढे एखादं पत्र आलं तर आपण काय लिहिलं होतं ते बघायला हीच लागते.

टप्पा ७: एओआरनंतर

पोच, म्हणजे एओआर, आली की तारीख लिहून ठेवा. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं तर ३० दिवसांची मुदत असते. पहिल्या आठवड्यात उरका.

आयआरसीसीचं उद्दिष्ट आहे ८० टक्के अर्ज सहा महिन्यांत निकाली काढायचं. म्हणजे पाचातला एक अर्ज सहा महिन्यांपलीकडे जाणार हे त्यांनीच गृहीत धरलंय. फाइलचे चार भाग समांतर चालतात: पात्रता, गुन्हेगारी पार्श्वभूमी, मेडिकल आणि सुरक्षा. सुरक्षेचा भाग आयआरसीसीच्या एकट्याच्या हातात नसतो, तिथे दुसऱ्या यंत्रणाही असतात. कधीकधी खात्यात 'शेवटचा बदल' ही तारीख सरकते आणि बाकी काहीच बदललेलं नसतं. याला लोक 'घोस्ट अपडेट' म्हणतात आणि रात्रभर चर्चा करतात. त्यातून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी, लॉगिन करा. पत्र आलं तर ईमेल येतोच. फक्त स्पॅम बघत जा.

या काळात वेबफॉर्मने (आयआरसीसीच्या साइटवरच्या संपर्काच्या फॉर्मने) कळवायच्या गोष्टी मोजक्याच: लग्न, घटस्फोट, बाळाचा जन्म, नवा पासपोर्ट, पत्ता, नोकरीतला बदल. बाळ झालं तर लगेच. मेडिकल १२ महिने चालतं. संपत आलं म्हणून स्वतःहून दुसऱ्यांदा करू नका. गरज असेल तर ते मुदत वाढवतात किंवा नवं मागतात.

कॅनडात वर्क परमिटवर असाल तर सगळ्यात महत्त्वाची तारीख पीआरची नव्हे, परमिट संपण्याची. एओआर आल्यावर ब्रिजिंग ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे पीआरचा निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या परमिटसाठी, अर्ज करता येतो. तो परमिट संपायच्या आधी गेला पाहिजे. वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत देशात राहून काम चालू ठेवता येतं. तारीख चुकली तर काम थांबवावं लागतं आणि देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा परत मिळवायला ९० दिवसांची खिडकी उरते.

टप्पा ८: सहा महिने उलटले, आता काय

पायऱ्या गाळू नका.

पहिली: वेबफॉर्म. एकदाच, चार ओळींत. अर्ज क्रमांक, यूसीआय (आयआरसीसीने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक), एओआरची तारीख, आणि "माझ्याकडून काही कागद बाकी आहे का?" हा प्रश्न. दर आठवड्याला तोच फॉर्म पाठवल्याने फाइल वर येत नाही. फोनची सोय फक्त कॅनडातून.

दुसरी: फाइलवरच्या नोंदी मागवणं, ज्यांना सगळे जीसीएमएस नोट्स म्हणतात. कॅनडाच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली मागायच्या तर शुल्क ५ डॉलर, पण मागणारा नागरिक, पीआरधारक किंवा कॅनडात हजर असलेला माणूस हवा. प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची माहिती मागायला शुल्क नाही, आणि जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसालाही हा मार्ग खुला आहे. मिरजेत बसून तुम्ही स्वतः मागू शकता; यासाठी हजारो रुपये घेणाऱ्यांची गरज नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रत्यक्षात लांबते.

नोट्स आल्या की तीनच गोष्टी शोधा. पात्रता 'पास' आहे की अधिकाऱ्याने शंका लिहिली आहे? मेडिकल 'पास' आहे का? सुरक्षा तपासणी सुरूच झालेली नाही, चालू आहे, की झाली? पात्रतेवर शंका लिहिलेली असेल तर मागायची वाट न बघता तो कागद वेबफॉर्मने पाठवण्यात अर्थ आहे. सुरक्षा 'चालू' असेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही, आणि हे कळणंही कामाचं आहे: नोकरीचा राजीनामा आत्ताच देऊ नका, फ्लॅट विकू नका, मुलाची शाळा सोडवू नका.

तिसरी: खासदार. कॅनडात राहत असाल तर तुमच्या मतदारसंघातल्या खासदाराच्या कार्यालयाला संमतीपत्र देऊन चौकशी करता येते. मतदार नसलात तरी चालतं. ते फाइल ढकलत नाहीत. पण कधीकधी नोट्सपेक्षा ताजी स्थिती कळते.

चौथी: मॅन्डॅमस, म्हणजे फेडरल कोर्टाकडून "निर्णय घ्या" असा आदेश मागणं. "मंजूर करा" असं कोर्ट सांगत नाही, हे आधी समजून घ्या. उशीर अवाजवी आहे का हे ठरवताना १९९९ च्या कोनिय प्रकरणातल्या तीन कसोट्या लावतात: प्रक्रियेला साहजिक लागावा त्याहून जास्त वेळ लागलाय का, त्याला अर्जदार जबाबदार नाही ना, आणि सरकारने समाधानकारक कारण दिलंय का. दुसरी कसोटी पुन्हा वाचा. अपुरा कागद तुम्हीच दिला असेल तर तुमची बाजू तिथेच लंगडी. वकील साधारणपणे आधी मागणीपत्र पाठवतो. सात महिन्यांत या पायरीवर धावणाऱ्यांना मी थांबवतो. दीड वर्ष उलटून नोट्समध्ये काहीच हालचाल नसेल तर वकिलाची फी द्यायला हरकत नाही.

टप्पा ९: पत्र आलं तर

दोन प्रकारची पत्रं येतात आणि त्यांतला फरक कळायला हवा.

जादा कागद मागणारं पत्र साधं असतं. मागितलं तेवढंच, मुदतीत, एका पीडीएफमध्ये. मुदतीत होणार नसेल तर मुदत संपायच्या आधी, मागणी केल्याच्या पुराव्यासह वाढ मागा.

प्रोसिजरल फेअरनेस लेटर वेगळं. "आम्हाला ही शंका आहे, नकार देण्याआधी तुमचं म्हणणं मांडा" असा त्याचा अर्थ. हे आलं की त्या रात्रीच उत्तर खरडू नका. आधी वकील, आधी नोट्स, मग उत्तर. शंका ज्या मुद्द्यावर आहे त्याच मुद्द्याचे पुरावे. नकार आलाच तर फेडरल कोर्टात जायला कॅनडातल्या निर्णयासाठी १५ दिवस आणि बाहेरच्या निर्णयासाठी ६० दिवस असतात. मित्रांना विचारत बसण्यात हे दिवस निघून जातात.

टप्पा १०: पासपोर्ट मागवला

भारतातून अर्ज असेल तर पासपोर्ट पाठवायची सूचना येते. कॅनडात असाल तर पोर्टलवर पत्ता आणि फोटो मागतात. पोर्टलचा ईमेल आला की आतला फोटोचा आकार नीट वाचा. फोटो परत आला की पुन्हा काही आठवडे.

हातात आलेल्या सीओपीआरवर, म्हणजे पीआर मंजूर झाल्याच्या कागदावर, नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर अक्षर ताडा. चूक असेल तर प्रवासाच्या आधी कळवा. वैधतेची तारीख बघा. ती बहुधा मेडिकलशी किंवा पासपोर्टशी बांधलेली असते आणि सहसा वाढवून मिळत नाही, म्हणून तिकीट त्या तारखेच्या बरंच आधीचं काढा. आणि सीओपीआर मिळाल्यावर, उतरायच्या आधी, लग्न झालं किंवा बाळ झालं तर विमानात बसायच्या आधी आयआरसीसीला कळवा. विमानतळावरचा अधिकारी वैवाहिक स्थिती पुन्हा विचारतो.